टॉवरवाले काका

१

पिंकीच्या हातात मोबाईल पहिल्यांदा दिला तो गंधालीनंच. हे तिला कुणी सांगायला नको होतं, तरी सासरी-माहेरी सगळ्यांनी एकेकदा सांगून हौस फेडून घेतली होती. पोरगी लहान असताना वरणभाताचा घास गालात धरून बसायची, आणि बाहेरच्या खोलीत ड्रेस मटेरियल बघायला आलेल्या बायका ताटकळत राहायच्या. गंधाली रायपूरच्या पंडरी भागातल्या ठोक बाजारातून माल आणायची आणि समता कॉलोनीतल्या आपल्या वरच्या मजल्यावरच्या घरातून विकायची. एका हातानं कापड उलगडायचं आणि दुसऱ्या हातानं पोरीला भरवायचं, हे किती दिवस चालणार? एके दुपारी तिनं फोनवर कोल्ह्याचा एक गेम लावून दिला. लाल कोल्हा उड्या मारतो, नाणी गोळा करतो, नाणं मिळालं की टुण वाजतं. भात पोटात गेला, दोन सूट विकले गेले, आणि आपण मोठी अक्कल चालवली असं गंधालीला वाटलं.

आता पिंकी दुसरीत होती आणि ते टुण शाळेतून आल्यापासून जेवणापर्यंत घरभर वाजत असायचं. गंधालीनं अर्ध्या तासाची मर्यादा घातली, ती ताणली जाऊन संध्याकाळपर्यंत पोचली. फोनला पासवर्ड लावला, तो पोरीनं आईच्या बोटांकडे बघून पाठ केला. फोन गव्हाच्या कोठीत लपवला, तर गिऱ्हाइकांचे फोन गव्हातून वाजायला लागले. नवरा शिशिर गावाबाहेर उरल्याच्या कारखान्यांत, एका रोलिंग मिलमध्ये शिफ्टला जायचा. तो घरी आला की म्हणायचा, "तूच लाडावून ठेवली," आणि स्वतःचा फोन घेऊन पलंगावर आडवा व्हायचा.

समोरच्या घराच्या छतावर मोबाईलचा टॉवर होता. रायपूर राजधानी झालं तशी कॉलोनीतली बैठी घरं मजले चढवत गेली, आणि समोरच्या घरमालकानं भाड्याच्या मोहानं तो टॉवर बसवून घेतला. गंधालीला तो कधी डोळ्यांत खुपला नव्हता. पण एका संध्याकाळी खेळता खेळता फोनची बॅटरी संपली, चार्जर द्यायला आईनं नकार दिला, आणि पिंकीनं समोरचं ताट ढकलून तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. गंधालीचा तोल गेला. तिनं तो मेलेला फोन उचलला, कानाला लावला आणि खिडकीतून टॉवरकडे बघत मोठ्यानं बोलायला लागली.

"हॅलो, टॉवरवाले काका का? हव, समोरच्या घरून बोलते. ही पोट्टी ऐकून नाही राहिली. तुम्ही या अन् घेऊन जा इले. मले नको अशी पोट्टी." मग ती थांबली, काका काही बोलत असतील इतका वेळ, आणि म्हणाली, "हव काका. ठीक आहे."

पिंकीचं रडणं गपकन थांबलं. तिनं ताट पुढं ओढलं, भाजी निवडून बाजूला न ठेवता सगळी खाल्ली, आणि तोंड पुसता पुसता विचारलं, "आई, काकांना इतका खोकला काहून आहे?"

गंधाली हसली. "टॉवरवर थंडी असते," ती म्हणाली आणि ताट उचलून नेलं.

२

युक्ती लागू पडली म्हटल्यावर ती हातची कोण सोडतो? दूध, गृहपाठ, वेणी, झोप, सगळ्याला काका. गंधाली नंबर कधी लावायची नाही. नुसता फोन कानाला लावायची, "या अन् घेऊन जा" म्हणायची, जरा थांबायची, "हव काका" म्हणायची, की पोरगी सुतासारखी सरळ. काकांचा आवाज तिनं कधी काढला नाही. तिला नकला येत नव्हत्या, आणि नुसतं थांबणं पुरत होतं.

एकदा असंच थांबलेली असताना गॅसवर दूध वर यायला लागलं. गंधालीला ते दिसत होतं. 'हव काका' म्हणून तिला फोन खाली ठेवायचा होता, पण शब्द तोंडातून निघेनात. समोरचं माणूस बोलत असताना मध्येच तोडणं बरं दिसत नाही, असं काहीतरी तिला आतून वाटत राहिलं. दूध उतू गेलं, बर्नरवर चरचरलं, जळका वास सुटला, आणि मग कुठं तिच्या तोंडून "हव काका" निघालं.

ओटा पुसताना तिनं स्वतःचीच समजूत घातली. रोजची सवय, दुसरं काय. नाटकात काम करणाऱ्यांना नाही का भूमिका अंगात भिनत?

"आज काका लय बोलले," पिंकी दारात उभी राहून म्हणाली. गंधालीनं फडका पिळला आणि तिला अभ्यासाला पिटाळलं.

३

हळूहळू पिंकीनं फोन मागणंच सोडलं. सुरुवातीला ती अर्धा तास पुरा व्हायच्या आधीच फोन ठेवायची, कोल्हा हवेत उडी मारलेला असायचा तसाच. पुढं तिनं हात लावणंही बंद केलं. शिशिरला नवल वाटलं. "काय जादू केली?" त्यानं विचारलं. "समजावलं," गंधाली म्हणाली, आणि नवऱ्याकडून शाबासकी मिळायचा योग दुर्मीळ असल्यानं तिनं ती ठेवून घेतली.

शाळेतून आली की पिंकी आता मागच्या खोलीत जाऊन बसायची. ही खोली मालाची. भिंतीला लावून ड्रेस मटेरियलचे गठ्ठे, त्यांवर जुन्या चादरी, आणि टॉवरकडे उघडणारी एक खिडकी, जिच्या गजांवर उरल्याच्या कारखान्यांची काळी भुकटी बसायची. पोरगी तिथं चित्रं काढते, असं गंधालीनं धरून घेतलं होतं.

एका संध्याकाळी भाजी गॅसवर टाकून गंधाली जरा टेकली आणि फोन बघायला लागली. लोकांची स्वयंपाकघरं, लोकांची लग्नं, लोकांची भांडणं. बोट सरकत राहिलं. मागच्या खोलीतून पिंकीचं बोलणं कानावर येत होतं, पण शब्द कळायला वेळ लागला.

"हव काका. नाही, खाना नही खाया अभी. आई फोनच पाहून राहिली. भाजी जळून राहिली तिकडं." मग बराच वेळ काही नाही. "हव. सांगते."

पिंकी बाहेर आली. हातात टीव्हीचा मोडका रिमोट होता. आईसमोर उभी राहून ती शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "आई, काका म्हणतात तुझा टाईम संपला. आता ठेव."

भाजी खरंच करपली होती. गंधालीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. आपलंच बोलणं, आपलाच सूर, आणि ते बरोबर होतं, हेच तिला सोसलं नाही. तिनं पोरीच्या गालावर फाडकन मारली.

पिंकी रडली नाही. गालावर हात ठेवून ती मागच्या खोलीच्या दाराकडे वळली आणि समजुतीच्या आवाजात म्हणाली, "नाही काका, राहू द्या. जास्त नाही लागलं."

४

संक्रांतीचं हळदीकुंकू खालच्या मजल्यावर लताच्या घरी होतं. लताचा नवरा रेल्वेत, घर मूळचं नागपूरकडचं, आणि एकुलता एक सचिन पिंकीपेक्षा जरा लहान. जमलेल्या बायकांसमोर सचिन सोफ्याखाली फोन घेऊन झोपला होता आणि कुणी पाय धरून ओढला की किंचाळत होता.

"पिंकीकडं पहा," एकजण म्हणाली. "अशी गुणी पोट्टी पाहिली नाही. मोबाईलकडं ढुंकून नाही पाहत."

"ताई, काय केलं सांगा ना," लता काकुळतीला येऊन म्हणाली. "आमचा तर फोन घेतला की भिंतीवर डोकं आपटते. मी तर हात टेकले."

सगळ्याजणी गंधालीकडे बघायला लागल्या. तिच्या हातात तिळगूळ होता, ज्या हातानं पोरीला मारलं होतं त्याच हातात. "मारायचं नाही, ओरडायचं नाही," ती म्हणाली. "प्रेमानं समजावायचं. पोरांना सगळं समजते." बायकांनी माना डोलावल्या. कोपऱ्यात बसलेली पिंकी आईकडे बघत होती आणि तिच्या नजरेत राग नव्हता, लाज होती, आईची तिला वाटलेली लाज. गंधालीनं मान खाली घातली आणि वाणाची वाटी पदराखाली घेतली.

निघताना लता जिन्यापर्यंत आली. आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, राग नका मानू. दुपारी तुमच्याकडं कोणी येऊन राहिलं का? मागच्या खोलीतून माणसाचा खोकला येते. अन् भैयाची गाडी तर खाली नसते."

नवरा ड्युटीवर असताना घरात परका पुरुष, हे लता बोलली नव्हती, पण बोलायचं ते राहिलं कुठं होतं? "माझाच खोकला तो," गंधाली म्हणाली. "धूळ किती उडते." आणि पटावं म्हणून ती तिथंच, नटूनथटून, नथ घालून, जिन्यात उभी राहून खोकली.

"हव, धूळ तर आहेच," लता म्हणाली. पण ती तिच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

५

शिशिरला सांगावं असं गंधालीला दहादा वाटलं आणि दहादा तिनं ते गिळलं. काय सांगायचं? की मी तुझ्या पोरीला रोज खोटा फोन करून भिववते, तिला घेऊन जा म्हणते, आणि आता कुणीतरी आल्यासारखं वाटतंय? त्यापेक्षा कबुतरं असतील. मिलच्या धुळीनं शिशिरला खोकला होता, त्याचाच आवाज लताच्या डोक्यात बसला असेल.

तरी ती मागच्या खोलीत गेली. सगळं जागच्या जागी होतं. फक्त भिंतीकडच्या गठ्ठ्यावरचं कापड मध्यभागी दबलेलं होतं, रोज कुणी बसून बसून गादी दबावी तसं. तिनं ते उपसलं, झटकलं, पुन्हा रचलं. दुसऱ्या दिवशी ते दबलेलं होतं. पिंकीचं वजन ते किती, आणि एवढी रुंद जागा दाबायला ती पुरणार कशी, हा हिशेब गंधालीनं मनात सुरू केला आणि अर्ध्यावर टाकून दिला.

त्या दुपारी पिंकी शाळेतून आल्याबरोबर तिनं तिला जवळ बसवलं आणि तिच्या हातात फोन दिला. कोल्ह्याचा गेम लावलेलाच होता.

"खेळ, बेटा. तुले पाहिजे तेवढं खेळ."

पिंकीनं फोन मांडीवर घेतला, पण त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं, वर्गात मुलं उठायच्या आधी बाईंकडे बघतात तसं, आणि फोन परत दिला. "नको."

"अवं खेळ ना." गंधालीनं फोन पुन्हा पुढं केला. ज्या गेमपायी तिनं पोरीला शिव्या घातल्या होत्या, तोच खेळण्यासाठी आज ती तिच्या विनवण्या करत होती. "हे पहा, पिंकी. काका-बिका कोणी नाहीत. मी खोटं बोलत होते. फोन बंद असायचा. मी एकटीच बोलत होते."

"माहीत आहे मले," पिंकी म्हणाली.

"माहीत आहे?"

"पहिले नव्हतेच ना ते. पहिले नुसता खोकला होता. पण तू रोज या म्हणत होती." पिंकीनं आईच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग आले."

पिंकीचं दप्तर पलंगावर होतं, फुगलेलं. गंधालीनं ते ओढून उघडलं. पुस्तकांच्या जागी दोन फ्रॉक, टॉवेल, दात घासायचा ब्रश आणि केसांची रिबीन नीट घडी घालून ठेवलेली होती.

"हे काय?"

"तू घेऊन जा म्हणत होती, पण कधी ते सांगितलं नाही," पिंकी म्हणाली. "काका रोज विचारून राहिले. मी म्हटलं, आईले विचारून सांगते. पण तुले विचारायची मले शरम वाटली."

गंधालीला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मले नको अशी पोट्टी. किती वेळा म्हणाली होती ती हे, एका हातानं कापडाच्या घड्या घालत? पोरीनं ते सगळं ऐकलं होतं, खरं धरलं होतं, आणि आईला अवघड वाटू नये म्हणून आपलं आपण दप्तर भरून ठेवलं होतं.

६

तिनं पोरीला छातीशी धरलं आणि फोन उचलला. जसा आणला तसाच घालवायचा, एवढंच तिला सुचलं. फोन बंद करून कानाला लावला.

"काका," ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की आजपर्यंत इतक्या अदबीनं ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. "काका, माझं चुकलं. पोट्टी मले पाहिजे. तुम्ही आता नका येऊ."

ती थांबली. फोनमध्ये काही नव्हतं, साधी खरखरसुद्धा नाही. तरी ती थांबून राहिली, कारण बोलणं संपलेलं नव्हतं. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आतून खोकला आला, कोरडा, पुरुषी, तोंडावर हात धरून दाबलेला, परक्याच्या घरी आलेल्या माणसाचा.

"काय म्हणून राहिले?" तिनं पिंकीला विचारलं. आपण खरंच हे विचारतो आहोत याचंही तिला काही वाटलं नाही.

पिंकीनं कान दिला. "म्हणतात, एवढे दिवस बसवून ठेवलं. आता रिकाम्या हातानं कसा जाऊ?" ती जरा थांबली. "म्हणतात, ही नाही तर मग कोणाले नेऊ?"

गंधाली उठली. पाय आपोआप दारापर्यंत गेले, आणि तिनं दार ढकललं. खिडकीतून दुपारचं ऊन गठ्ठ्यांवर पडलं होतं. चादरीच्या आडून एक गुडघा पुढं आलेला होता, राखाडी पँटमधला, काळी भुकटी बसलेला. तिनं पाहिला तसा तो मागं सरकला, सावकाश, बाईमाणूस खोलीत आलं की पाहुणा पाय आवरून घेतो तसा.

तिनं दार ओढून घेतलं आणि कडीवर हात दाबून उभी राहिली. मी जाते, मले न्या, असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पोरीसाठी जीव देईन असं ती चारचौघींत नेहमी म्हणायची. आता म्हणायची वेळ आली, तर तिनं ओठ मिटून घेतले.

खालून सचिनचं किंचाळणं ऐकू आलं. मग भिंतीवर डोकं आपटल्याचे ठोके, लताचं ओरडणं, आणि मग जिन्यावर चपला. दारावर थाप पडली.

"ताई," लता रडकुंडीला आली होती, केस विस्कटलेले. "प्रेमानं समजावून पाहिलं. नाही होऊन राहिलं माझ्याच्यानं. तुम्ही काहीतरी करताच, मले माहीत आहे. सांगा ना हो."

गंधालीनं मागं वळून बघितलं. पिंकी जमिनीवर बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन. तिच्या पाठीमागं मागच्या खोलीचं दार होतं, आणि दारापलीकडे आता खोकला नव्हता. ऐकायला कुणीतरी श्वास धरून बसावं तशी शांतता होती.

"सोपं आहे," गंधाली म्हणाली. तिचा आवाज चांगला निघाला, मायाळू, हळदीकुंकवातल्यासारखा. "फोन कानाले लावायचा. नंबर लावायची गरज नाही. टॉवरवाले काका म्हणायचं, अन् या, घेऊन जा याले, म्हणायचं."

"बस एवढंच?"

"मधे जरा थांबायचं," गंधाली म्हणाली. "ते बोलतील तेवढा वेळ."

लतानं तिचे दोन्ही हात धरले. डोळे पुसत, मोठ्या बहिणीचे आभार मानावेत तसे आभार मानत ती जिना उतरून गेली. तिला थांबवायला एक हाक पुरली असती. तळमजल्याचं दार लागेपर्यंत गंधाली उंबऱ्यात उभी होती आणि तिनं ती हाक मारली नाही.

७

संध्याकाळी मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. गठ्ठ्यावरचं कापड फुगून वर आलं होतं, नव्यासारखं. गंधालीनं दप्तरातले फ्रॉक काढून कपाटात ठेवले आणि पुस्तकं परत भरली. पिंकीनं तिला ते करताना पाहिलं. मग तिनं आपण होऊन फोन घेतला. कोल्हा उडी मारायला लागला. टुण. टुण. कित्येक दिवसांनी घरात तो आवाज आला, आणि गंधालीला तो कानाला गोड लागला.

ती कणीक मळत होती. खाली सचिनचं रडणं चालू होतं, रोजच्यासारखं, रोजच्याच वेळी. मग लताचा आवाज आला, मोठा, ठरवून काढलेला. शब्द ऐकू येत नव्हते, पण गंधालीला ते सगळे पाठ होते. लता थांबली. सचिनचं रडणं गपकन बंद झालं.

गंधालीचे हात कणकेत थबकले. अजूनही खाली जाता येईल, ती मनाशी म्हणाली. जिना उतरायचा, लताला खरं सांगायचं, तिच्या पाया पडायचं. चपला दाराशीच होत्या. पण पिंकी इथं होती, ओट्याजवळ पाटावर, पाय हलवत, गाल फुगवत, आपली पोरगी, घरात. गंधालीनं परातीत पाण्याचा हात लावला आणि गोळा पुन्हा मळायला घेतला.

तेव्हा फरशीखालून खोकला आला. कोरडा, तोंडावर हात धरून दाबलेला.

पिंकीचं बोट पडद्यावर थांबलं. तिनं मान वर केली आणि आईकडे बघितलं, हळदीकुंकवाच्या दिवशी बघितलं होतं तसं. "आई," ती म्हणाली, "माझा अर्धा तास झाला. फोन ठेवू का?"

"नको," गंधाली म्हणाली. तिनं नजर परातीतून वर काढली नाही. "खेळ अजून. अन् आवाज जरा वाढव, बेटा."